बद्द वाजलेलं पातं

शनिवार, दिवेलागणीला

पातं बद्द वाजलं. मी ऐकलं, आणि तरी खोटं बोललो.

खराडीचं ऑफिस सुटलं की सहा आठवडे बिबवेवाडीत अप्पांच्या भट्टीवर लोहारकाम शिकायला जातोय. चौकोनी सळ्यांची जुडी तापवून, ठोकून एकजीव केली, तेव्हा कुठे पात्यावर फुलांची नक्षी उठली. पण अप्पांचा नियम आहे: मूठ बसवण्याआधी पातं ऐरणीवर वाजवायचं. खणखणलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा.

घण मारून मारून अप्पांचे कान गेलेत.

"काय हो साहेब, खणखणलं का?"

मी मान डोलावली. का? त्या नक्षीपायी?

मग त्यांनी मूठ बसवली आणि तिच्यावर आपल्या नावाचा शिक्का मारला. दुसऱ्याच्या हातच्या पात्याला तो त्यांनी आजवर कधी दिला नव्हता.