हौद्याचा तळ

१६ जुलै, बुधवार

पाय गेला. डावा, पोटरीपर्यंत. पांडेसऱ्याच्या मिलमधून ओलं कापड भरून कडोदऱ्याला नेलं. उतरवताना गाठोडं खांद्यावर घेतलं आणि पिकअपच्या हौद्यातून पाय सरळ खाली. तळावरचं रबर फाटलं. रबराखाली पत्रा पाहिजे, तर तिथं रस्ता दिसत होता. हमाल हसले. दुसऱ्याचा पाय असता तर मी पण हसलो असतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दवाखान्यातल्या बाईंनी प्रेशर मोजलं आणि पुन्हा तेच, राग आला की लिहून काढा. लिहितोय. उतरत तर काही नाही.

१७ जुलै

बाबूभाईच्या गॅरेजला गाडी लावली. रबर उचकटलं. वास असा आला की दोघंही मागं सरकलो. खाली लाल चिखल. बोटानं उचलला की पोपडे.

हे रबर म्हणजे छपाईच्या मशीनचा जुना पट्टा. मिलवाले फेकून देतात, माझ्या मोठ्या भावानं, तात्यानं, उचलून आणला. का, तर हौद्यातल्या गंजाचे डाग कापडाला लागायला लागले आणि मिलचा सुपरवायझर बोंबलला. गंज काढायचा सोडून तात्यानं वर रबर चिकटवलं, कडेनं पट्ट्या ठोकल्या. डाग बंद. सुपरवायझर खूश, तात्या खूश. आणि ओल्या कापडातून रंगाचं, मिठाचं, ॲसिडचं जे पाणी गळतं ते रबराखाली जाऊन बसलं. वर्षानुवर्षं. सुकायला जागाच नाही. गाडीपासून कापड वाचवलं ह्या माणसानं. कापडापासून गाडी वाचवायची असते हे डोक्यातच आलं नाही.

बाबूभाई म्हणतो, "चाली जशे, भाई." त्याला सगळंच चालून जातं.

१९ जुलै, शनि.

तात्याकडे गेलो. दोन घरं सोडून राहतो. गाडी त्याच्या नावावर, चालवतो मी. सांगितलं, तळ पूर्ण काढावा लागेल, तळ ज्यांच्यावर टेकतो ते खालचे आडवे चॅनलही बघावे लागतील, महिनाभर गाडी बंद. त्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही.

"कानबाई तोंडावर आली आणि तू गाडी खोलायला निघाला?"

म्हटलं, म्हणूनच.

"वरून नवा पत्रा मार. झालं."

दर श्रावणात कानबाईला विसर्जनासाठी तापीवर हीच गाडी नेते. देवी मधे चौरंगावर, भोवती गल्लीतल्या बाया, पोरं, वर ढोलवाले. हौद्यातच फुगड्या घालतात. ह्या गल्लीतली पहिली कानबाई तात्याची, गावाहून देवीचा नारळ त्यानंच आणला, सगळं मान्य. काचेवर 'कानबाई माता प्रसन्न' लिहिलंय तेही मान्य. पण काचेवरच्या अक्षरांनी तळ धरून राहत नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. पायाला काय झालं विचारलं. भावानं नाही विचारलं.

२३ जुलै

दोन दिवस तापानं पडून होतो, पाय सुजला. आज गॅरेजला गेलो तर गाडी चकाचक. हौद्यात नवा पत्रा, रिव्हेट मारलेले, वर करडा रंग, कडेला पिवळी पट्टी. काढलं काहीच नाही. सगळा चिखल तसाच खाली आणि वर झाकण.

बाबूभाईला विचारलं, कोणी सांगितलं? "तात्याए कीधुं." तात्यानं सांगितलं म्हणे. मी तुला काय सांगितलं होतं? तर बिडी पेटवून म्हणतो, "मोटा भाई छे ने."

वरून कीर्तन, आतून तमाशा. डोकं असं फिरलं की गाडीची चावी गॅरेजमध्येच विसरलो आणि अर्ध्या रस्त्यातून परत गेलो.

२५ जुलै, शुक्र.

श्रावण लागला. सकाळी गाडीखाली झोपलो, पाठीखाली गोणपाट, हातात स्क्रूड्रायव्हर. पहिला चॅनल ठीक. दुसरा बरा. तिसऱ्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. चौथ्यातही. बरोबर मधे. जिथं चौरंग असतो तिथं.

तात्याला हाताला धरून आणलं. वाकून बघ म्हटलं. वाकला नाही. नव्या पत्र्यावर चढून उभा राहिला, दोनदा उड्या मारल्या. एकटा माणूस, तोही हाडाचा सापळा. "कथा तुटनी?" म्हणे. कुठं तुटली?

म्हटलं बाया-पोरं भरल्यावर तुटेल. पुलाच्या चढावर तुटेल. मागून ट्रक येत असेल तेव्हा तुटेल.

"तुले काय समजस? तू मन्हा बाप शे का? गाडी मन्ही शे."

गल्लीतले बघत होते. घरी येऊन जेवलो नाही. बायको, मंगल, म्हणाली, जेवणावर कशाला राग? मग कशावर काढू, तिच्यावर?

२७ जुलै

गल्लीत चार घरी जाऊन सांगितलं, यंदा गाडीत बसू नका. ऐकून घेतात, पाणी देतात. आज मंगल नळावर ऐकून आली, "धाकट्याला गाडी फुकट द्यायची नाही, म्हणून सोंगं करतोय."

मी. सोंगं. मागच्या वर्षी रात्रपाळी करून सकाळी गाडी धुवून फुलं कोणी बांधली होती? आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून गप्प बसलो. इथं लिहून ठेवतो. नालायक आहेत सगळे.

२९ जुलै, नागपंचमी

आज ठरवलं, कापून टाकतो तळ. ना राहील बांबू, ना वाजेल बासरी. समोरच्या कारखान्यातून ग्राइंडर मागून आणला. मंगल दारात आडवी.

"आज काही कापायचं नाही."

"भाजी. भाजी कापायची नाही."

"चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. पत्रासुद्धा नाही."

"नाग काय चॅनलमध्ये बसलाय?"

दारातून हटली नाही. ग्राइंडर परत दिला. नागोबाच्या कृपेनं तात्या वाचला. दिवसभर उकडलेलं खाऊन बसून राहिलो.

३१ जुलै

शेवटचं म्हणून पुन्हा तात्याकडे. हळू आवाजात बोललो, खरंच. दुसरी गाडी बोलवू म्हटलं, मी सांगतो कोणाला तरी. तात्या म्हणाला, कानबाई परक्या गाडीत बसणार नाही.

देवीनं तुला येऊन सांगितलं का, असं तोंडातून गेलं. जायला नको होतं. वहिनी आत निघून गेल्या.

त्याला कळतं. हे मला आज समजलं आणि त्यानंच जास्त संतापलो. त्याला पक्कं माहीत आहे खाली काय आहे. म्हणून तर वाकत नाही.

२ ऑगस्ट, शनि.

सकाळी कानबाईच्या प्रसादाचे, रोटाचे गहू. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. तात्यानं स्वतःची घातली. मग माझं नाव घेतलं, माझी मी घातली. बोललो नाही एकमेकांशी, पण गहू सुपात एक झाले. तात्या नि वहिनी दळायला गेले.

मी ग्राइंडर आणला. मं. आज आडवी आली नाही. वायर खिडकीतून तिनंच बाहेर दिली.

नवा पत्रा कापला. त्याच्याखाली जुना, तो कापावा लागलाच नाही, ओढला तसा आला. तिसरा चॅनल हातानं वाकला. चौथा मधोमध तुटून रस्त्यावर पडला. सगळं काढून गाडीच्या बाजूला, रस्त्यावर, लोकांना दिसेल असं ठेवलं. हौद्यातून आता चेसिस दिसते आणि खालचं डबकं. संताप आवरला असता तर भोक सरळ कापलं असतं.

तात्या आला. मागं वहिनी, डोक्यावर पिठाचा डबा. तात्यानं गाडी बघितली. ढिगाकडे बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी पण तयारीत होतो. घरात गेला आणि दार लोटून घेतलं.

वहिनी थांबल्या. ढिगाकडे बघत राहिल्या बराच वेळ. मग म्हणाल्या, "भाऊ, पोरास्ना पायले लागी ते. बाजूले कर." बाजूला केलं.

३ ऑगस्ट, रवि.

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, गजरा. तात्याच्या घरात मुंगीला जागा नाही. मी दाराशी. तात्यानं आरतीचं ताट सगळ्यांपुढं फिरवलं, माझ्यापुढं आलं आणि हात वळला. सगळ्यांनी बघितलं. मंगलच्या डोळ्यांत पाणी. माझ्या नाही. माझ्या डोक्यात नुसतं, तुझी बायको मधे बसते रे चौरंगाजवळ. दरवर्षी तीच मधे बसते.

जागरणाला बायांची गाणी. कोणीतरी पाठीमागं म्हणालं, देवीची गाडी कापली ह्यानं. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हात उचललाच असता.

४ ऑगस्ट, सोम.

विसर्जन. सकाळी सगळे तयार, गाडी नाही. गल्लीतला एक जण टेम्पो घेऊन आला, चांगला पोरगा. तात्या म्हणाला, नाही. बाया उन्हात उभ्या. देवी उंबऱ्यात. तात्या उभा, मी उभा, कोणी हलेना. मी म्हटलं, बसा ना टेम्पोत. तर तात्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं गाडी नाही, त्यालाच मधून कापलंय.

वहिनींनी पदर खोचला. चौरंग उचलून डोक्यावर घेतला.

"गाडी नव्हती तवय कानबाई घरमा बठी राहे का?"

आणि चालायला लागल्या. मागं सगळ्या. तापी लांब, म्हणून कालव्यावर. ढोल पुढं गेला. फुगड्या रस्त्यात, डांबरावर. मधे मधे बाया डोकं बदलत होत्या, चौरंग एकीवरून दुसरीवर. तात्या अनवाणी मागं चालला. मी त्याच्याही मागं. त्याच्या टाचा फुटल्यात, ते दिसत होतं सारखं. तरी राग जात नव्हता. आता कोणावर आहे तेच कळेना, पण जात नव्हता.

६ ऑगस्ट

वहिनी आल्या. तात्या रोट खात नाही. काल नाही, आज नाही. भाकरी आणि चटणी खातो, रोटाच्या ताटाला हात लावत नाही. म्हणतो, धाकट्याची मूठ आहे त्यात.

माझी मूठ! मग वेगळी काढ म्हणावं. दळलेल्या पिठातून काढ.

रोट बाहेरच्याला देता येत नाही. भाऊबंदांनीच संपवायचा, पौर्णिमेच्या आत. वहिनी म्हणाल्या, "त्यास्नं तूच खाई ले मंग." त्याचा वाटा मी खाऊ? त्यानं गंजवायचं, मी कापायचं, आणि वर त्याच्या वाट्याचं पण मीच गिळायचं. नाही म्हणालो. आरतीचं ताट वळवलं त्यानं, तेव्हापासून मी तिथं जेवलोही नाही. वहिनी उठल्या. दोघांची ताटं झाकून ठेवते म्हणाल्या.

मं. म्हणाली, दोघं सारखेच. तिच्याशीही भांडलो.

८ ऑगस्ट, शुक्र.

उद्या पौर्णिमा.

सकाळी दात घासत होतो. तात्या गाडीपाशी. एकटाच. मागचं फळकं पाडलं, चढला. तळ नाही, तर चेसिसवर पाय देऊन उभा राहिला. मी तोंडात ब्रश धरून दारातच.

राहिलेल्या चॅनलवर, दुसऱ्यावर, मी ज्याला बरा म्हटलं होतं त्यावर त्यानं अंगठा टेकवला. नुसता अंगठा, अनवाणी. दाबला. पोपडा सुटला, हाताएवढा, खाली डबक्यात पडला. तात्या तसाच उभा. मग उतरला. आणि वाकला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, गाडीखाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आत हात घालून चाचपत राहिला, एक चॅनल, दुसरा, पुन्हा पहिला.

मला वाटत होतं ह्या वेळी मी बोलेन. सगळं पाठ होतं, एकेक वाक्य. बघितलंस का, म्हणणार होतो. तोंडात फेस होता.

डबक्यातला पोपडा उचलून त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला. पांढरा सदरा. माझ्याकडे बघितलं नाही, पण जाताना दारापाशी पाय रेंगाळला. "बाकीनाबी काढना पडतीन," म्हणाला. बाकीचेही काढावे लागतील. मला म्हणाला की गाडीला, माहीत नाही. माफीबिफी काही नाही. त्याच्या बापजन्मात नाही.

चिडलोच आहे अजून. बाबूभाईकडे जायचंय, जाड पत्रा सांगायचा, त्याआधी त्याला चार शब्द सुनावायचेत. तात्याला तर चारशे.

आत्ता मं. तात्याच्या घरून आली. वहिनींनी दोन पाट मांडलेत, रोटाची ताटं उघडलीत, ये म्हणाल्या. मी विचारलं, तात्या बसणार आहे का?

म्हणाली, मोरीत आहेत. मघापासून हात धुतायत, गंज निघत नाहीये.

साबणानं निघत नाही तो. रॉकेलची बाटली घेऊन निघतो.