बोगीत माणसं बसत नाहीत

मु. आळे, ता. जुन्नर
चैत्र वद्य पंचमी, सन १९५७

बंधुसमान महंमद हनीफभाऊ यांना चिमाबाईचा नमस्कार. आमिनाभाभींचे गुडघे आता जिना चढू देतात का? जुन्नरच्या बाजारी तुमच्या आईंना भेटले. तब्येत चांगली आहे, पण तुम्ही खारका पाठवता आणि पत्र पाठवत नाही, असं त्या म्हणाल्या. मी बरी आहे. वाचन चालू आहे (दुकानातल्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही, त्यामुळे पुष्कळ बातम्यांचा शेवट मला ठाऊक नाही).

पत्रास कारण की, मागच्या सोमवारी मालकांचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत कोणीतरी त्यांच्या, म्हणजे तुमच्या दोघांच्या, रेल्वेच्या इंजिन-शेडातल्या कामाचा विषय काढला. मी वाढता वाढता म्हणाले, एका इंजिनाची बोगी काढून ते दुसऱ्याखाली बसवत. त्यावर मालकांचे मामेभाऊ, पारगावचे रखमाजी, हातातला घास तसाच धरून हसायला लागले. हे गृहस्थ भाजी घेऊन महिन्यातून दोनदा रेल्वेनं मुंबईला जातात, तेवढ्यावर रेल्वे त्यांची झाली आहे. म्हणाले, "वैनी, बोगीत माणसं बसत्यात. म्या सोता बसतो. आमच्या दादानं इंजिनाखाली माणसं बसिवली व्हय?" सगळी पंगत हसली. मग म्हणाले, दादा माणूस लई चांगला, पण थापा मारायचा.

हनीफभाऊ, त्या माणसाच्या श्राद्धाची खीर खात हे बोलले. मी समजावून सांगितलं, की डबा म्हणजे बोगी हे उतारूंचं बोलणं. शेडात बोगी म्हणजे खालची चाकं, आस आणि त्यांची चौकट, सगळं मिळून. इंजिन विजेचं असो की डिझेलचं, एका बनावटीची दोन असली की याची बोगी त्याला चालते. कोणी ऐकलं नाही. बाईनं इंजिनाबद्दल बोलायचं म्हणजे कोंबडीनं आरवायचं, असं त्यांना वाटत असावं.

जेवून रखमाजी लिंबाखाली लवंडले. भागू सुतार पंगतीला होताच. रखमाजींची बैलगाडी आणि माझी बैलगाडी, दोन्ही त्याच्याच बापाच्या हातच्या. मी त्याला म्हटलं, दोन्ही साटे, म्हणजे गाड्यांचे वरचे सांगाडे, दगडांवर उचल आणि चाकं आसासकट अदलाबदल कर. (भागूनं आधी नाही म्हटलं. मग मी दुसऱ्यांदा खीर वाढली.) तासाभरात काम झालं. दोन्ही आस असे बसले, की पाचरसुद्धा मारावी लागली नाही. रखमाजी उठले, बैल जुंपले आणि निघून गेले. त्यांच्या चाकांना नवी कोरी लोखंडी धाव होती आणि माझी चाकं मांजरासारखी ओरडतात, हे त्यांना आळेफाट्याला कळलं. तिथून पायी परत आले, तोंडानं काय काय म्हणत ते लिहीत नाही. मी एवढंच विचारलं, "भावजी, गाडी चालली का?" म्हणाले, चालली. मी म्हटलं, "मग तुमच्या दादांनी थापा मारल्या नाहीत."

त्यावर त्यांचं म्हणणं, ही बैलगाडी हाय, इंजिन न्हाई. शेडाचा कागद आण, मग बोलतो. पंच बोलवीन असंही म्हणाले. बोलवा म्हटलं. ज्या पंगतीत दादांना खोटं म्हणालात, त्याच माणसांपुढं खरं म्हणा आणि चाकं घेऊन जा. तोवर चाकं माझ्या दारात राहतील.

तरी बोगी म्हणजे काय आणि ती बदलते की नाही, हे ठळक अक्षरात लिहून खाली सही करावी. पोरांना आशीर्वाद.

आपली बहीण,
चिमाबाई

ता. क. : रखमाजींच्या चाकांना मी रोज वंगण घालते. भांडण माणसाशी आहे.

ता. क. दुसरा : कागद नाही पाठवलात तरी चालेल, रखमाजींना मी पुरी पडेन. विचारायचं होतं ते वेगळंच. काल मालकांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक वही सापडली. शेवटच्या पानावर लिहिलंय, 'बोगी बसली नाही. उद्या पुन्हा.' दुसऱ्या दिवशी ते तापानं उठलेच नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. मागून ती कोणी बसवली का? बसली असेल तर इंजिनाचा नंबर लिहा, मी येऊन बघून जाईन. नसेल बसली तरी लिहा. ते पत्र मी रखमाजींना दाखवणार नाही.