बसम्माच्या चौकोनात एकही ठिपका नाही

सोलापूर,
९ ऑगस्ट

प्रिय शिवपुत्र,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच फोडलंस की दोन दिवस तसंच टेबलावर ठेवलंस, हे मला इथून सांगता येत नाही. डी.एड.च्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढली तेव्हा तुझा घरून आलेला डबा मी तुला न विचारता उघडायचो. आता तुला फोन लावायचा म्हटलं तरी तुझ्या नावावर बोट ठेवून थांबतो. दिवाळीत आपण शेवटचं बोललो. ऑनलाइन बदल्या, संचमान्यतेत कमी झालेली शिक्षकांची पदं, उजनीचं पाणी. मग तू ‘बरं, ठेवतो’ म्हणालास. त्यानंतर तुझा फोन नाही, माझाही नाही. तीस वर्षांची मैत्री काही भांडण न होता अशी संपत असेल, तर ती संपू नये म्हणून मी हे लिहितो आहे. फोन केला तर मी पुन्हा बदल्यांचंच बोलेन, याची मला खात्री आहे.

इकडचं सांगतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून आमची ही लातूरलाच असते. सकाळी लिंगपूजा झाली की कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतो आणि पॅसेंजरनं दुधनी गाठतो. तिथून शाळेपर्यंतचे चार किलोमीटर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. संध्याकाळी परत आलो की चहाचा कप सकाळी जिथं ठेवला होता तिथंच असतो. पूर्वी पूजेला बसलं की मन लागायचं. हल्ली डोळे मिटले की कुणाशी तरी बोलायचं राहून गेलंय, असं वाटत राहतं.

यंदा शाळेत एक नवीन बाई आल्यात, उत्कर्षा मॅडम. वय चोवीस-पंचवीस, बोलायला तिखट. त्यांना कृतिसंशोधन सादर करायचं होतं आणि त्यासाठी एक वर्ग हवा होता. मी माझा सहावीचा वर्ग दिला. खरं सांगतो, मनात थोडी घमेंड होती. इतकी वर्षं शिकवतोय, बघू दे पोरीला. त्यांनी वर्गाचा बैठक-तक्ता काढला. एकतीस मुलं, एकतीस चौकोन. मी ज्याला प्रश्न विचारीन, ज्याचं नाव घेईन, त्याच्या चौकोनात एक ठिपका. मूल आपणहून मला काही विचारील तर एक गोल. तीन आठवडे त्या मागच्या भिंतीला टेकून बसल्या आणि ठिपके देत राहिल्या.

शेवटच्या शनिवारी त्यांनी तक्ता माझ्यापुढं ठेवला. पहिल्या रांगेतल्या दिग्विजयचा चौकोन ठिपक्यांनी काळा झाला होता. आणि खिडकीकडच्या तिसऱ्या रांगेत एक चौकोन कोरा होता. ठिपका नाही, गोल नाही. नाव बसम्मा. मी म्हणालो, मॅडम, तुमचा डोळा लागला असेल. त्या म्हणाल्या, “सर, तीन आठवडे मी तुमच्या तासाला जागी होते, हाच निष्कर्ष म्हणून लिहू का?” आमचे मुख्याध्यापक कल्लप्पा गुरुजी शेजारीच चहा पीत होते. ते हसून म्हणाले, “आवो, टाका की चार ठिपके. तालुक्याला कोन बसून मोजनार हाय?” शिवपुत्रा, मी पेनाचं टोपण काढलं होतं. उत्कर्षा मॅडमनी तक्ता माझ्याकडे आणखी सरकवला. मी टोपण परत लावलं.

कारण तो चौकोन चुकून कोरा राहिलेला नव्हता. जूनमध्ये पहिल्याच दिवशी बसम्माची आजी शिवबाई तिला घेऊन वर्गाच्या दारात आली होती आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, “गुरुजी, उन्हाळ्यात हिची आई गेली. लई बोलू नका हिला, रडती.” मी तेव्हाच ठरवलं, या लेकराला आपण त्रास द्यायचा नाही. प्रश्न विचारत विचारत रांगेनं तिच्याजवळ आलो की तिला ओलांडून पुढं जायचो. वही तपासायचो, बरोबरची खूण करायचो, पण मान वर करून तिच्याकडे बघायचो नाही. मला वाटायचं, माझ्या हातून एक चांगलं काम होतंय. देवापुढं बसलो असताना या गोष्टीचं मला समाधानसुद्धा वाटलं आहे.

सोमवारी मी तिला उभं केलं. पाण्याची वाफ कशी होते, एवढंच विचारलं. ती उभी राहिली आणि वाफ, ढग, पाऊस, विहीर, सगळा धडा म्हणून गेली. मग न विचारता त्याच्या आधीचा धडा सुरू केला. बस म्हटलं तरी बसेना. वर्ग हसायला लागला, तीही हसली. खिचडीच्या सुट्टीत मात्र ती ताटली हातात घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “सर, तुमी माज्यावर रागावला व्हता व्हय? माजा नंबर येईल म्हनून मी रोज पाठ करून येत व्हते.” मी म्हणालो, नाही गं, तुला रडू येऊ नये म्हणून विचारत नव्हतो. तर म्हणते कशी, “मग रडले असते की. त्यात काय?”

मग म्हणाली, “अव्वा गेल्यापासनं समदीच गप बसत्यात. मी आले की शेजारची काकी बोलायची थांबती. अव्वाचं नाव काडलं की आजी उटून चुलीकडं जाती.” मी माझा डबा बाजूला सारला. विचारलं, तुझी अव्वा कशी होती? ती तिथंच खाली बसली. अव्वा चौकाबारा खेळताना चक्क लबाडी करायची, कवड्या पडल्यावर पदरानं हळूच उलट्या करायची आणि पकडलं की कानडीत शिव्या द्यायची. बाजारात गेली की भाव करताना भांडायची आणि घरी येऊन त्या भांडणाची नक्कल करून दाखवायची. सांगता सांगता पोरगी रडत होती, नाक पुसत होती, आणि लबाडीची गोष्ट मला दुसऱ्यांदा सांगत होती. खिचडी गार झाली. घंटा झाली तेव्हा तोंड धुऊन वर्गात जाऊन बसली.

मी मात्र टेबलाशीच बसून राहिलो, कारण मला तू आठवलास. तुझी लेक चंद्रिका, आपली चंदू, तिच्या मातीला मी आलो होतो. चार दिवसांच्या तापात गेलेल्या त्या पोरीवर तुझ्या शेजारी उभं राहून विभूती आणि बेल मीही टाकला. त्याला दोन वर्षं होऊन गेली. या दोन वर्षांत मी तुझ्याशी पन्नास वेळा तरी बोललो असेन आणि एकदाही तिचं नाव घेतलं नाही. गेल्या वर्षी सोलापूरच्या प्रशिक्षणात तू माझ्या शेजारी बसला होतास. मधल्या सुट्टीत तू मोबाइल काढलास, त्यात काहीतरी शोधलंस आणि म्हणालास, “हे बघ, चंदूचा हा...” आणि मी मध्येच म्हणालो, “चल, चहा घेऊ, गर्दी होईल.” तू मोबाइल खिशात ठेवलास. चहा घेताना मी तुला केंद्रप्रमुखांचा एक विनोद सांगितला आणि तू हसलास. तुझं मन दुखू नये म्हणून मी असं केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण दुखायचं ते दुखतच होतं. मी फक्त मला ते बघावं लागू नये अशी सोय केली. दिवाळीत तू ‘बरं, ठेवतो’ का म्हणालास, ते मला आता कळतं.

येत्या अठरा तारखेला चंद्रिकेला एकविसावं लागलं असतं. ती तारीख मी एकाही वर्षी विसरलेलो नाही, फक्त तुला ते कधी कळू दिलं नाही. मी त्या दिवशीची रजा टाकली आहे. सकाळच्या एस.टी.नं माढ्याला येतो. तू स्टँडवर येऊ नकोस, मला घर माहीत आहे. तिला काय आवडायचं, कशावरून तुझ्याशी भांडायची, तुझी नक्कल कशी करायची, ते सगळं मला तुझ्या आणि वहिनींच्या तोंडून ऐकायचं आहे. तुला रडू येईल, मलाही येईल. त्या दिवशी बोलावंसं वाटलं नाही, तर दिवसभर तुझ्या ओट्यावर बसून राहीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. पण तुला एक प्रश्न विचारल्याशिवाय परतणार नाही, म्हणून तो आजच विचारून ठेवतो. शिवपुत्रा, तुझी चंद्रिका कशी होती?

तुझाच, उशिरा आलेला,
महेश्वर