डावीकडचा खड्डा

गुरुवार, संध्याकाळ

आईची खुर्ची नव्यानं मढवून आली. बाळाला दूध पाजायला तीच हवी, हा हट्ट माझाच. आता भोगा.

जुनं कापड काढताना मल्लेश्वरमच्या सोफेवाल्या अण्णांनी विचारलं होतं, “अक्का, डावीकडेच स्वल्प जास्त दबलंय. कोण बसायचं?” दादा घर सोडून गेला त्या दिवसापासून आई डावीकडे कलून, दाराकडे बघत बसायची. शेवटपर्यंत. तो आलाच नाही.

आता फोम नवा, कापड पिवळं. तो खड्डा गेला. खरंच गेला, मी हातानं दाबून पाहिलं. मग मघाशी सहज टेकले, तर अंग डावीकडेच का कललं?

बाळ अजून पोटात आहे, आणि मी आत्तापासूनच दाराकडे बघत बसलेय.