सहाव्या आणि अकराव्याच्या मधली बाई

सोमवार, १ जुलै १९९६. संध्याकाळी ७.४०
१. पुण्याहून इथे परदेशात मेधाताईंचा फोन आला. कॉलेजच्या भित्तिपत्रकाच्या तेव्हाच्या संपादक, आता दिवाळी अंक काढतात.
२. त्यांना कथा हवी आहे. आठ पानं. मुदत ३१ ऑगस्ट.
३. मी हो म्हटलं.
४. पहिलं पान लिहून झालं. एक बाई लिफ्टमध्ये शिरते. लिफ्ट इथल्या आमच्या इमारतीतल्यासारखीच, फक्त पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मजल्यावर थांबणारी. सहाव्यानंतर बंद पडते.

एकसष्ट दिवस, सात पानं. नोकरीत मी रोज लिफ्टची कंट्रोल पॅनेल्स तपासते. अवघड जाऊ नये.

गुरुवार, ४ जुलै
बिघाड ठरवायचा आहे. वीज गेली असं दाखवता येत नाही. बॅटरीवर लिफ्ट जवळच्या थांब्यावर जाते आणि दार उघडतं. कथा दुसऱ्या पानावर संपेल. दाराचा कॉन्टॅक्ट खराब, म्हणजे दार लागलंय हे लिफ्टला कळतच नाही, असं नक्की केलं.
उद्यापासून रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा लेखन.

शुक्रवार, ५ जुलै
सात वाजता उठले. खुर्ची नीट नाही. आधी खुर्ची.

रविवार, १४ जुलै
नवी खुर्ची आली. पाठ छान राहते.
नीताने तीन पानं वाचली. ती ठाण्याची, बँकेत आहे, फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहते. म्हणाली, अगं दोन आठवडे झाले, काढ की तिला बाहेर, बाथरूमला जायचं नसेल का बिचारीला. कथेत अकराच मिनिटं झाली आहेत, हे मी दाखवून दिलं. ती म्हणाली, या स्पीडने बाई आतच रिटायर होईल.
मग विचारलं, चालली कुठे होती? अकराव्यावर. अकराव्यावर कोणाकडे? ते दुसऱ्या खर्ड्यात येईल, असं सांगितलं.

गुरुवार, १ ऑगस्ट
शब्द मोजले. १,४००. पैकी लिफ्टबद्दल १,१८०. बाईबद्दल २२०, त्यात साडीचे ६०. प्रमाण सुधारता येईल. लेखन थांबलेलं नाही. तपासणी चालू आहे.

मंगळवार, ६ ऑगस्ट
अनुभव हवा म्हणून जुरोंग ईस्टच्या साइटवर लंच टाइममध्ये चाचणीची लिफ्ट मधेच थांबवून घेतली. मी आत. चाळीस मिनिटं. वरून टेक्निशियन अंकल टॅन दर पाच मिनिटांनी इथल्या इंग्रजीत ओरडत होते, मिस, ओके ऑर नॉट? चिकन राइस कोल्ड ऑलरेडी लाह.
पंखा चालू होता. कोणी काही विचारू शकत नव्हतं. बाहेर यावंसं वाटलं नाही.
कथेसाठी उपयोगाचं काही मिळालं नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट. इथल्या नॅशनल डेची सुट्टी
दहा तास मोकळे. नीता मैत्रिणींबरोबर परेड बघायला गेली. चल म्हणाली होती. काम आहे म्हटलं.
पानांना आकडे घातले. फॅन पुसला. एक वाक्य झालं: तिने घड्याळ पाहिलं.
संध्याकाळी खोडलं. ती चारच मिनिटांपूर्वी घड्याळ बघून बसली आहे.

रविवार, १८ ऑगस्ट
आईचा फोन. पेपरात दिवाळी अंकाची जाहिरात आली आहे, माझ्या नावासकट. तिने सात अंक सांगून ठेवले. गोष्ट कशावर आहे विचारलं. एका प्रसंगावर, असं सांगितलं. आई म्हणाली, शेवट जरा बरा कर हं, अरुणामावशी वाचणार आहे.
शेवटाबद्दल शंका नाही. मधला भाग राहिला आहे.

शनिवार, ३१ ऑगस्ट
मेधाताईंना झालेलं फॅक्स केलं. थोडं तांत्रिक काम बाकी आहे, असं कळवलं. त्यांनी १५ सप्टेंबरपर्यंत वेळ दिला. आठ पानं तुझ्यासाठी अडवून ठेवली आहेत गं, म्हणाल्या.
म्हणजे विश्वास आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर. दुपारी ३.१०
लिफ्ट दुरुस्त केली. अकराव्यावर आणली. दार उघडलं.
ती बाहेर येत नाही.

४.२५. परत लिहून पाहिलं. दार पूर्ण उघडं आहे. ९०० मिलिमीटर.

६.००. चौथ्यांदा. नाही.

रविवार, १५ सप्टेंबर
मेधाताईंचा फोन. म्हणाल्या, लिफ्टचं फार सुरेख लिहिलंयस, पण ती बाई मधेमधे येते. तिला काढून टाक आणि लेखच दे. लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावे. पुण्यात आता सगळीकडे लिफ्ट होतायत, लोक जपून ठेवतील.
मी स्पष्ट नकार दिला. मी कथालेखिका आहे.

सोमवार, १६ सप्टेंबर
लेख झाला. २,१०० शब्द, पावणेदोन तास. कुठेही अडले नाही.
फॅक्सचा मसुदा:

आदरणीय मेधाताई,
लेख सोबत पाठवत आहे. बाई काढली आहे. आकृत्या दोन.
काढलेली पानं मी ठेवली आहेत. त्यांच्यासाठी एक माहिती हवी आहे. अकराव्या मजल्यावर दार उघडल्यावर समोर कोण असावं? मला ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काही सुचल्यास कृपया शुक्रवार, २० सप्टेंबरपर्यंत कळवावे.