टोपणभर तेल

३ डिसेंबर
पोचलो एकदाचा! वादळाने गावाचे सगळे माड आडवे केलेत, त्यामुळे चेनसॉ चालवणाऱ्याची अशी सरबराई, की जावईसुद्धा लाजेल. तियो बास्योने, म्हणजे गावातल्या बास्योकाकाने, राहायला खोपी दिली, सुकी मासळी आणि भात दिला, वर आपल्या भावाची चेनसॉ. भाऊ पेलो गेल्या महिन्यात अंथरुणावर सुकत सुकत गेला म्हणे. माड कापून फळ्या पाडायच्या, त्यातल्या थोड्या माझ्या. पंधरा तारखेच्या बोटीने बायको, लुर्देस, बाळाला घेऊन येतेय. त्याआधी खोपीवर छप्पर चढलंच पाहिजे.

४ डिसेंबर
सॉ जुनी, पण जपलेली. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खाचेतला भुसा खरवडला, तेलाचं भोक तारेने मोकळं केलं. मग टोक ताज्या बुंध्यासमोर धरून रेस दिली. बुंध्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे चेनला तेल पोचतंय, ठणठणीत! माडाचं लाकूड बाहेरून दगड असतं, चेन कोरडी चालली तर निळी पडते.
तियोची एकच अट. रोज तेलाची टाकी भरण्याआधी टोपणभर तेल पहिल्या माडाच्या मुळाशी ओतायचं आणि म्हणायचं, आधी तुमचं, मग आमचं. दारूचा पहिला घोट आम्ही सगळेच जमिनीखालच्यांना देतो, पण तेल? मी विचारलं, तियो, तुमची भुतं चेनसॉ कधीपासून चालवायला लागली? तो हसला नाही.

७ डिसेंबर
तेल संपत आलंय. रस्ता बंद, दुकान वादळात उडालं. जीपचं जळकं तेल घालू का म्हटलं तर तियो खेकसला, स्वतःच्या पोटात घालशील का ते? म्हणून आज टोपणभर वाचवलं. मुळाशी नुसता हात हलवला आणि शब्द पुटपुटलो. तियो लांब होता.

८ डिसेंबर
गंमतच आहे. पेट्रोलची टाकी संपते तशी तेलाचीही संपायला हवी. आज पेट्रोल दोनदा भरलं, तेल मात्र काठोकाठ तसंच. भोक बुजलं असेल म्हणून पट्टी काढली, तर मोकळं. चेन ओली, पट्टी गार. मग ओली कशाने? जाऊ दे, वाचलं तेवढं बरं! उरलेल्या तुकड्यांचा बाळाला पाळणा केला. संध्याकाळी चक्कर आली.

१० डिसेंबर
पुन्हा बुंध्यावर रेस दिली. रेघ तांबडी. हुंगली. रक्तच ते. सगळं अंग तपासलं, कुठेही जखम नाही. पण पॅन्ट कमरेवरून घसरते.
सॉ कोपऱ्यात ठेवतो. सकाळी तिचं टोक माझ्या उशीकडे वळलेलं असतं. मीच तसं ठेवत असेन.

१२ डिसेंबर
तियोला सांगितलं. पेलोनेही एकच दिवस चुकवला होता म्हणे. नंतर डबाभर ओतलं तरी मातीने घेतलं नाही. पळून गेलो तर, विचारलं. पेलोही पळाला होता, म्हणाला.
आधी का नाही बोललास, म्हणून मी त्याची मानगूट धरली. बोललो असतो तर तू आला असतास का, म्हणाला म्हातारा, आणि रडायला लागला.

१३ डिसेंबर
होतं नव्हतं ते तेल मुळाशी ओतलं. जिरत नाही. वरच साचलंय.
सॉ विहिरीत टाकली – सुटलो, देवा –

१४
सॉ कोपऱ्यात. कोरडी, पुसलेली.
सुरीने बोट कापलं, रक्तच आलं नाही. लुर्देसला कसं कळवू? बोट सुटली असेल –

१५
चेन कोरडी ठाक. माझ्यात आता काही उरलं नाही, म्हणून –
टोक उशीकडे नाही. केवढं हायसं वाटलं. मग पाहिलं. पाळण्याकडे.

बोटीचा भोंगा. उठवत नाही – ओरडतो, पण आवाज –
चेन एक दात पुढे सरकली. आपोआप.
लुर्देस हाक मारतेय. हसतेय. बाळ झोपलंय म्हणते –
दारात आली – पाळणा बघितला तिने –
लुर्देस, पाळण्यात नको ठे