समरव्हिलच्या फाट्यावरचं खोटं

समरव्हिलच्या फाट्यावर उभ्या असलेल्या पोलीसदादांना,

वादळाच्या आदल्या दिवशी हायवेच्या सगळ्या लेनवरची वाहतूक किनाऱ्यापासून दूर सोडली होती आणि तुम्ही किनाऱ्याकडे जाणारा फाटा अडवून उभे होतात. आम्हाला नेमकं तिकडेच जायचं होतं. मावशीला तिकडच्या दवाखान्यात न्यायचंय, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. अर्नेस्टीन मावशीला कधी साधा ताप आलेला नाही; पण मागच्या सीटवर ती अशी कण्हायला लागली की क्षणभर मीच घाबरले.

खरं कारण तिचा नवरा, सीफस काका. "मागून येतोच," म्हणाला होता, पण फोनवर त्याच्या कोंबड्या ऐकू आल्या. म्हणजे स्वारी अजून किनाऱ्याजवळच्या बेटावर, घरातच.

तुम्ही आम्हाला सोडलंत. घरी पोचलो, तर काका ओसरीत भेंडी चिरत बसला होता. "वादळं काय पाहिली नाहीत मी?"

मावशी शेजारच्या खुर्चीत बसली. "मग मीही थांबते."

पाच मिनिटांत काका गाडीत होता, कोंबड्यांसकट.

काल परतलो. त्या खुर्च्या नाहीत, ओसरीही नाही.

हे पत्र टाकायची माझी हिंमत नाही. पण तुम्ही खिडकीतून मावशीचा हात धरून म्हणाला होतात, "लवकर बऱ्या व्हा." ती म्हणते, त्या पोराला कळव, आता बरं वाटतंय.

तुमची गुन्हेगार,
लव्हर्न